वहीतले तीन रकाने: जव्हार ते जामखेड, दहा दिवस

श्रावण निम्मा सरला की आदिवासी पट्ट्यातली भाताची लावणी उरकते. कापणीला अवकाश असतो आणि वीटभट्ट्यांचे, ऊसतोडीचे मुकादम अजून दारात यायचे असतात. माणसं गावात सापडतात ती एवढेच दिवस, म्हणून आमची आरोग्य हक्काची फेरी दर वर्षी भर पावसात निघते. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं. त्याआधी गावोगावच्या मागण्या गोळा करायच्या, पडताळायच्या, त्यातल्या कुठल्या तालुक्यात सुटतील, कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या थेट मंत्रालयात न्याव्या लागतील ते ठरवायचं. ऑगस्ट हुकला तर वर्ष हुकलं.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते, त्यातली पहिली १४ गावपातळीच्या आरोग्य उपकेंद्रावर. निवृत्त झाल्यावर या कामात आले. लोकांनी खात्याला जाहीर जाब विचारायचा, त्या जनसुनवाईत आरोग्य खात्याच्या बाजूने खुर्चीवर बसले आहे आणि आता समोरच्या सतरंजीवरही बसते. या खेपेला गाडीत चौघं होतो: एक तरुण डॉक्टर, एक वकील मुलगी, गाडी चालवणारे काका आणि मी. माझ्याजवळ एक लांबट वही होती. तिच्या प्रत्येक पानावर निघण्याआधीच तीन रकाने आखून ठेवले होते: काय, कोण, कधीपर्यंत.

पहिला दिवस: मोखाडा, जव्हार

त्र्यंबक मागे टाकून घाट उतरलो तेव्हा धुकं इतकं होतं की काकांनी दिवे लावून गाडी हाकली. मोखाड्याच्या अलीकडे खाचरं दिसू लागली, हिरवीगार, पाण्याने तुडुंब. डोळ्यांना सुखावणारा हाच महिना इथल्या घरांत सगळ्यात ओढीचा असतो. गेल्या हंगामातलं धान्य कणगीच्या तळाला गेलेलं आणि नवं अजून शेतात उभं. मुलांची वजनं याच दिवसांत घसरतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा हा कोपरा पहिल्यांदा साऱ्या राज्याला कळला. २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, तरी जव्हारच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण गाठायला अजून घाट उतरावाच लागतो.

दुपारी एका पाड्यावरच्या समाजमंदिरात बैठक होती. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती हे नाव एवढं लांब आहे की तिथल्या बायका तिला नुसतं ‘कमिटी’ म्हणतात. या कमिटीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी मिळतो. गावाने आपल्या गरजेप्रमाणे तो खर्च करायचा. गेल्या वर्षीचे पैसे कशावर गेले, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. गावची आरोग्य स्वयंसेविका म्हणजे आशाताई, तिने पासबुक काढलं. सतरंजी, वजनकाटा, फिनेल. वजनकाटा समोर होता. सतरंजीवर आम्ही बसलोच होतो. मग एक आजी म्हणाल्या, “म्हणजे हे पैसे आमचे होते?” त्यापुढचा अर्धा तास त्या एका प्रश्नातच गेला आणि तो अर्धा तास मला पुढच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोलाचा वाटला.

गावाने आरोग्यसेवांना रंग द्यायचं रिपोर्ट कार्ड भरायला घेतलं. लिहिता-वाचता येवो न येवो, रंग सगळ्यांना कळतात. लसीकरण कसं? हिरवा. नर्सबाई गावात येते का? हिरवा. दवाखान्यात औषधं मिळतात का? पिवळा. उपकेंद्रात बाळंतपणाची सोय? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, लाल. बाळंतपणाची खोली आहे, टेबल आहे, पण पाणी नाही. बाईला कळा सुरू झाल्या की घरच्यांनी हापशावरून हंडे आणायचे. आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हवं असा निकष आहे. इथे उपकेंद्र आहे, त्यामुळे खात्याच्या कागदावर हे गाव ‘सोय झालेलं’ आहे.

तालुक्याचे अधिकारी संध्याकाळी आले, हे त्यांचं मोठेपण. बायकांचा रोख आधी नर्सबाईवर होता. ती कोपऱ्यात उभी होती, खाली मान घालून. मी अशी उभी राहिलेली आहे, त्यामुळे मला राहवलं नाही. उठून विचारलं, “हंडे कोण कोण वाहतं?” एक पोरगी म्हणाली, “सिस्टरपण वाहते की.” मग तो राग जिथे जायला हवा होता तिथे वळला. अधिकारी म्हणाले, नळजोडणीचं लवकरच करू. त्यावर एक सासूबाई उठल्या. “लवकर म्हणजे कधी, साहेब? आमच्या सुनेच्या कार्डावर तुमच्या डॉक्टरने लवकर असं नाही लिहिलं. तारीख लिहिली आहे.” हॉल क्षणभर गप्प झाला. साहेबांनी डायरी काढली आणि २० सप्टेंबर म्हणाले. मी लिहिलं. काय: उपकेंद्राला नळ. कोण: तालुका आरोग्य अधिकारी. कधीपर्यंत: २० सप्टेंबर.

दुसरा दिवस: रस्ता

जव्हार, नाशिक, मालेगाव, धुळे, शहादा. सगळा दिवस गाडीत. डॉक्टर आणि वकील मुलगी दोघंही विशीतली, त्यांना जुन्या गोष्टी ऐकायच्या होत्या.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातूनच आशा आल्या. त्या अभियानात एक गोष्ट अशी होती की जिचा सरकारी आराखड्यात शिरकाव झाला याचं मला आजही नवल वाटतं: सेवा कशी मिळते हे लोकांनीच तपासायचं आणि खात्याने त्याला जाहीर उत्तर द्यायचं. लोकाधारित देखरेख. महाराष्ट्रात २००७ मध्ये ती पाच जिल्ह्यांत सुरू झाली: ठाणे, पुणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यभराचं सूत्र धरलं आणि जागोजागच्या संघटनांनी गावं. पुढे जिल्हे वाढले. निधी कधी आला, कधी अडला. पण प्रश्न विचारायची सवय एकदा लागली की ती निधीवर अवलंबून राहत नाही.

मी मुलांना माझी पहिली जनसुनवाई सांगितली. तेव्हा मी खुर्चीवर होते. मुलीच्या तापासाठी दवाखान्यातून बाहेरची चिठ्ठी दिली गेली म्हणून एका माणसाने मला सगळ्यांसमोर जाब विचारला. साधं तापाचं सिरप सरकारी दवाखान्यात का नाही? माझा चेहरा पेटला होता. रात्री घरी येऊन रडले, नवऱ्याला म्हटलं, सोडते ही नोकरी. मग पहाटे लक्षात आलं, हा माणूस जे मोठ्याने विचारत होता तेच मी कितीतरी महिने मागणीपत्रात लिहून पाठवत होते. मला एकदाही उत्तर आलं नव्हतं. त्याला आठ दिवसांत आलं. औषधाची खोकी उतरवून घेताना माझ्या मनात त्या माणसाबद्दल काय दाटून आलं ते मला नीट सांगता येत नाही. त्याला शोधून आभार मानायचे राहून गेले.

तिसरा दिवस: धडगाव

शहाद्याहून सातपुडा चढायला लागलो आणि फोनची रेंज गेली. धडगावच्या पलीकडे, नर्मदेच्या काठावर, धरणाच्या फुगवट्याने तुटलेली गावं आहेत. तिथे रस्त्याने जायचं तर दिवस मोडतो, पाण्यातून गेलं तर दोन तास. सरकारचा तरंगता दवाखाना याच पाण्यावर चालतो. आम्ही गावकऱ्यांच्या बोटीने गेलो. पाणी गढूळ, वर ढग, आणि नावाडी पोरगा सारखा डाव्या अंगाचे डोंगर दाखवून कुठला पाडा कुठे बुडाला ते सांगत होता.

इथली बैठक पावरी बोलीत झाली. आशाताई दुभाषी. ती मराठीत सांगायची तेव्हा वाक्यं आखूड व्हायची, मूळ बोलणं मात्र लांबलचक असायचं. वकील मुलगी हळूच म्हणाली, “आपण जे लिहितोय ते अर्धंच आहे.” खरं होतं. मग आम्ही ठरवलं, इथून पुढे आधी पूर्ण ऐकायचं, मग आशाताईला वही द्यायची आणि तिनेच लिहायचं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं निघालं.

रुग्णवाहिकेच्या १०८ ला फोन लावायला रेंज असलेल्या टेकडीवर जावं लागतं. लागला तरी गाडी रस्ता संपतो तिथवरच येणार. तिथपर्यंत बांबूला गोधडी बांधून केलेली झोळी, पुढे दोघं, मागे दोघं, आणि खांदे बदलायला आणखी चौघं. एका तरुण बाईने आपली झोळी सांगितली. चढणीवर कळा वाढल्या, वाटेत एका मोहाच्या झाडाखाली मूल झालं. मूल आता तिच्या मांडीवर होतं, आमच्या पेनाकडे हात करत. सासऱ्यांनी नाळ कशी जपून ठेवली, पाऊस लागू नये म्हणून कुणी घोंगडी धरली, हे सगळं ती हसतच सांगत होती. माझ्या मात्र डोळ्यांसमोर ज्या आया हसत परत आल्या नाहीत त्या येत होत्या.

अशा पाड्यांसाठी राज्याची माहेरघर योजना आहे. दिवस भरत आले की बाईने आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन राहायचं. चांगली योजना आहे, मी स्वतः तिच्या प्रशिक्षणाला होते. पण इथून कुणीच गेलेलं नव्हतं. “मोठं पोर कुणाकडे ठेवू? एकटी कशी राहू?” सोबतीचं माणूस आणि लहान मूल नेता येतं, हे यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. बैठकीत सगळ्यात जास्त गलका झाला तो ही गोष्ट कळल्यावर. मग त्यांच्या सूचना सुरू झाल्या: सोबतीला सासूच हवी, नवरा नको. चूल आपली हवी. खोलीला आतून कडी हवी. आतून कडी हा मुद्दा मुंबईत बसून कुणाला सुचला असता? मी तो जाड अक्षरात लिहून घेतला.

चौथा दिवस: शहादा ते धारणी

शिरपूर, चोपडा, रावेर, केळीच्या बागा. मग मध्य प्रदेशात शिरून बुऱ्हाणपूर, देडतलाई आणि पुन्हा महाराष्ट्रात धारणी. पाऊस दिवसभर. डॉक्टरला ताप होता, तो मागच्या सीटवर झोपून होता.

पाचवा दिवस: मेळघाट

धारणी आणि चिखलदरा, अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंनी वर्तमानपत्रं भरली होती. त्यानंतर किती मंत्री, किती समित्या, किती पत्रकार या रस्त्याने आले. कोरकू लोक पाहुण्यांना आता चांगले ओळखतात. एक म्हातारे बाबा म्हणाले, “फोटो काढून झाले असतील तर बोलू.” आम्ही एकही काढला नव्हता. पण त्यांनी ते का म्हटलं असेल ते कळत होतं.

याच भागात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं; २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकेका डॉक्टरचं असं झोकून देणं पाहिलं की मान लवते. पण राज्याची आरोग्यव्यवस्था अशा माणसांच्या वाटेकडे डोळे लावून चालू शकत नाही. ज्या गावात कोल्हे नाहीत तिथल्या बाळाने काय करायचं?

दुपारी अंगणवाडीत बसलो. डॉक्टर ताप विसरून मुलांच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळत होता. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. ते लाल टोक पाहिलं की आईच्या आधी आशाताईचा चेहरा पडतो.

आणि इथेच मला या फेरीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली. अंगणवाडीताईच्या रजिस्टरात तीव्र कुपोषित मुलं ३, आशाताईच्या वहीत ७. गाव एक, मुलं तीच. एकीचा अहवाल महिला व बालविकास खात्याकडे जातो, दुसरीचा आरोग्य खात्याकडे. दोघी एकमेकींकडे संशयाने पाहत होत्या. आम्ही दोन्ही रजिस्टरं जमिनीवर शेजारी उघडी ठेवली आणि एकेक नाव वाचत गेलो. दोन मुलं आईसोबत माहेरी गेलेली म्हणून अंगणवाडीच्या वजनाला नव्हती. एकाचं वजन ठीक होतं पण दंड बारीक. एकाचं नावच अंगणवाडीत नव्हतं, कारण त्याची आई दुसऱ्या पाड्यावरून लग्न होऊन आलेली. दोघींपैकी कुणीही खोटं लिहिलेलं नव्हतं. तास झाला आणि एकच यादी तयार झाली: ७. अंगणवाडीताई उठली, आशाताईचा हात धरून म्हणाली, “आपण दर महिन्याला असंच बसू या ना.” मी वहीत लिहिलं. काय: दोन्ही खात्यांची एकच यादी. कोण, या रकान्यात काय लिहावं ते मात्र कळेना. दोन खात्यांच्या वर एकत्र बसणारं तालुक्यात कुणीच नाही. तो रकाना रिकामा ठेवला. हा प्रश्न नागपूरला न्यायचा.

गावचे भुमका, म्हणजे पारंपरिक वैदू, बैठकीला आले होते. बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने डाग द्यायची चाल इथे आहे, डंबा म्हणतात. डॉक्टर त्यांच्याशी भांडेल अशी मला धास्ती होती. त्याने शेजारी बसून विचारलं, बाबा, कुठल्या बाळाला तुम्ही डाग देत नाही? भुमकांनी चार लक्षणं सांगितली, जी दिसली की ते सरळ दवाखान्यात पाठवतात. चारपैकी तीन आमच्या पुस्तकातलीच होती.

रात्री सेमाडोहच्या जंगलातून परतवाडा, तिथून अमरावती.

सहावा दिवस: गडचिरोली, शोधग्राम

नागपूर ओलांडून दुपारी गडचिरोलीत पोचलो. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ ‘सर्च’ या संस्थेचं शोधग्राम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये या जिल्ह्यात आले. ‘माँ दंतेश्वरी’ दवाखाना इथे आहे. गोंडांना आपला वाटावा म्हणून त्यांना विचारूनच तो बांधला आणि नाव त्यांच्या देवीचं दिलं.

आमच्या दोन तरुणांना मला इथे मुद्दाम आणायचं होतं. १९९० च्या दशकात इथे ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: बाळ ऊबदार ठेवणं, श्वास मोजणं, जंतुदोषाची खूण ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं. मोठमोठे तज्ज्ञ तेव्हा म्हणत होते, चौथी शिकलेली बाई इंजेक्शन देणार? नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचं मूळ या ३९ गावांत आहे. मी स्वतः त्या भेटींच्या फॉर्मवर कितीदा सह्या केल्या. तो फॉर्म कुठल्या झोपडीत जन्मला ते मला पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं.

वकील मुलीने विचारलं, मग पुरावा असला की सरकार ऐकतं का? १९९९ ते २०११. पुरावा हातात असूनही बारा वर्षं. मधल्या काळात लोकांनी, डॉक्टरांनी, संघटनांनी किती दारं ठोठावली असतील याचा तिने हिशेब करावा, एवढंच मी म्हटलं.

सातवा दिवस: मेंढा-लेखा

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, मावा नाटे मावा राज.’ आमच्या गावात आम्हीच सरकार. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाची ही घोषणा महाराष्ट्रभर पोचली आहे. २००९ मध्ये गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. इथे ग्रामसभा सगळ्यांच्या संमतीने निर्णय घेते, बहुमताने नाही. एक जरी ‘नाही’ म्हणाला तरी विषय पुन्हा पुढच्या सभेत. आरोग्य हक्काचं काम करणाऱ्या आमच्या मंचाच्या बैठका मला आठवल्या. तिथे आम्ही हात वर करून घाईने ठराव उरकतो आणि मग वर्षभर निम्म्या जिल्ह्यांना तो आपला वाटतच नाही.

शेजारच्या एका गावात बायकांनी दारूचा विषय काढला. १९९३ पासून हा जिल्हा दारूबंदीचा आहे. ती बंदी बायकांच्या आणि गावांच्या रेट्याने आली. चंद्रपूरला २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली, ही जखम इथल्या बायका स्वतःच्या अंगावर झाल्यासारखी बोलून दाखवतात. “कायदा आणायला जेवढं चालावं लागतं, टिकवायला त्याहून जास्त.” बोलणारी बाई साठीची, पायात चप्पल नव्हती.

आठवा दिवस: पुन्हा रस्ता

पहाटे चारला निघालो. चंद्रपूर, वणी, यवतमाळ, पुसद, हिंगोली, परभणी. रात्री बीड. राज्य किती रुंद आहे ते नकाशात कळत नाही, पाठीला कळतं.

नववा दिवस: बीड

या दिवसाबद्दल लिहायचं म्हणून वही दोनदा उघडून मिटली.

ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोघं मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे एकत्र, हिशेब एकत्र. बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचा दंड. पाळी आली म्हणून बसली तरी खाडाच. फडात आडोसा नाही, पाणी नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मोरी नाही. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, बाई खासगी दवाखान्यात जाते आणि तिथे तिला सांगितलं जातं, गर्भाची पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली.

बैठकीला २६ बायका होत्या. मी विचारलं, कुणाकुणाची काढली आहे? ११ हात वर आले. त्यातल्या एकीचं वय ३०. तिला दवाखान्याचा एकही कागद मिळालेला नव्हता. आजाराचं नाव नाही, तपासणीचा रिपोर्ट नाही, फक्त पैसे भरल्याचा आकडा तिच्या डोक्यात, कारण तो उचलीतून फेडायला तिला दोन हंगाम लागले. आता तिची कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, आणि तरी कोयता चालूच आहे. कुठला दवाखाना ते इथे लिहीत नाही. तिलाच त्याचं नाव घ्यायची भीती आहे.

वकील मुलीने मग समजावून सांगायला घेतलं. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यात रुग्ण हक्कांची सनद आहे. ती दवाखान्याने भिंतीवर लावायला हवी, दरही लावायला हवेत. तक्रार कुठे करायची त्याचा कक्ष आणि नंबर हवा. आपले कागद मागणं हा तुमचा हक्क आहे. बायका ऐकत होत्या. मग त्या तीस वर्षांच्या बाईने विचारलं, “आणि मागितले नि त्यांनी हाकलून दिलं तर तुम्ही येणार का?” मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, “मी पुण्यात असते. पण तुम्ही सगळ्या गेलात तर?” त्या ११ जणींनी आपसात बराच वेळ खुसुखुसू केलं. दसऱ्याच्या आधी, टोळी निघायच्या आत, ११ जणींनी मिळून एका दिवशी जायचं ठरलं. सोबत आशाताई. ती म्हणाली, नोकरी गेली तर जाऊ दे. मला तिला सांगावंसं वाटलं, तुझी नोकरी आहे तरी कुठे? कामाप्रमाणे मोबदला आणि मानधन. २०२३ च्या हिवाळ्यात राज्यातल्या आशा संपावर गेल्या, २०२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्याने मानधनात ५ हजारांची वाढ ठरवली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच आशांचा जगासमोर गौरव केला होता. पुरस्काराने चूल पेटत नाही, हे तिने मला हसून सांगितलं.

इथली मागणी एकच, पण ती एका जिल्ह्याच्या हातातली नाही. बाई बीडची, फड कोल्हापूर, सांगली नाहीतर थेट कर्नाटकात. निघण्याआधी तपासणी, फडावर उपचार, परतल्यावर पुन्हा तपासणी आणि हे सगळं एका कार्डावर, जे दुसऱ्या जिल्ह्याच्या दवाखान्याने नाकारू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे लागत नाहीत, हे २६ पैकी फक्त ४ जणींना ठाऊक होतं. बाकीच्या जणी खासगी दवाखान्यात का जातात, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. उरलेलं निम्मं असं की सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून किती वार असतो.

दहावा दिवस: जामखेड

बीडहून जामखेड जवळ. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे दुष्काळी गाव. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. डॉक्टर, नर्स कमी पडतात म्हणून त्यांनी गावातल्या बायकांना शिकवलं, त्यातल्या कितीतरी दलित, परित्यक्ता, निरक्षर. आशा योजनेच्या पस्तीस वर्षं आधी. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एक जुनी गाव आरोग्य कार्यकर्ती भेटली. आता वयामुळे फिरत नाही. तिला विचारलं, सुरुवातीला गावात तुम्हाला घरात घेत होते का? म्हणाली, “नाही. बाळंतीण आत आणि मी उंबऱ्याबाहेर. बाहेरून सांगायची, असं कर, तसं कर. एका रात्री बाळ अडलं. मग सासूच म्हणाली, आत ये.” तेवढंच सांगून तिने आम्हाला चहा घेण्याचा आग्रह केला. चहा तिच्या सुनेने केला.

दुपारी पडवीत बसून वह्या एकत्र केल्या. ४३ नोंदी. २८ तालुक्यात सुटतील अशा, ९ जिल्ह्यात, ६ राज्याच्या. त्या सहांत एकच यादी आहे, ऊसतोडीचं कार्ड आहे, माहेरघराची कडीसुद्धा आहे, कारण बांधकामाचा नमुना वरूनच ठरतो. आणि सगळ्यांच्या मुळाशी पैसा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं म्हटलं होतं, तेही २०२० पर्यंत. महाराष्ट्र अजून त्याच्या जवळपासही नाही. डॉक्टर म्हणाला, हीच मागणी पहिली ठेवू. वकील मुलगी म्हणाली, नको, आमदार टक्केवारी ऐकून मान हलवतात नि विसरतात, आधी कडी ठेवू. पुष्कळ वेळ वाद झाला. मला तिचं पटलं. कडी पहिली, टक्के शेवटी.

२० सप्टेंबर

सकाळी जव्हारकडच्या आशाताईला फोन केला. नळ बसला का? बसला, म्हणाली, परवाच बसला, चांगला पितळी आहे. आणि पाणी? पाणी नाही. टाकीपासूनची पाइपलाइन ग्रामपंचायतीकडे आहे म्हणतात. ग्रामसेवकांना विचारलं, ते म्हणाले लवकरच.

मी वही उघडली. मागे बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. त्या दिवशीच्या सासूबाईच होत्या. नात झाली म्हणाल्या, त्याच खोलीत, हंड्याच्या पाण्यावर. मग म्हणाल्या, “लिहून घ्या, ताई. काय: पाणी. कोण: ग्रामसेवक. आम्ही आत्ता त्यांच्याच ऑफिसात बसलो आहोत. कधीपर्यंत ते थांबा, विचारून सांगते.”